अपग्रेडनंतरचा सी ड्राइव्ह: शाखांतील संगणकांवर दुरून जागा मोकळी करताना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे आमच्या पतसंस्थेच्या ईडीपी विभागाला, म्हणजे संगणक विभागाला, बऱ्याच आधीपासून ठाऊक होते. त्यानंतरही सुरक्षा अपडेट हवे असतील तर संस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर मोजावे लागणार होते आणि पुढे दरवर्षी ही रक्कम दुप्पट होणार होती. त्यामुळे ज्या संगणकांचा प्रोसेसर आणि सुरक्षेसाठीची टीपीएम चिप विंडोज ११ च्या अटींत बसतात, ते सर्व दसऱ्यापर्यंत अपग्रेड करावेत आणि उरलेले टप्प्याटप्प्याने बदलावेत, असे संचालक मंडळाने ठरवले. अपग्रेडचे काम गणपतीच्या आधी सुरू होऊन नवरात्र संपेपर्यंत चालले. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. फाइल उतरतात, संगणक दोन-चार वेळा आपोआप बंद-चालू होतो आणि नवे विंडोज समोर येते. सांगण्यासारखे आहे ते त्यानंतरचे, कारण अपग्रेड झालेल्या शाखांतून जे फोन येऊ लागले ते नव्या विंडोजबद्दल नव्हते, जागा संपल्याबद्दल होते.

आमचे मुख्य कार्यालय कोल्हापूर शहरात आणि शाखा जिल्ह्याच्या चारी दिशांना पसरलेल्या आहेत. कागल आणि इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असली तरी चंदगड शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि गगनबावड्याला पावसाळ्यात जाऊन परत येण्यात अख्खा दिवस मोडतो. संगणक दीडशेच्या आसपास आणि ते सांभाळणारी माणसे मोजकी. शिवाय जागा मोकळी करण्याच्या कामात हाताचे काम दहा मिनिटांचे आणि वाट पाहणे तासाभराचे असते. त्यासाठी गाडी काढून चंदगड गाठणे कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. सर्व संगणक आमच्या डोमेनमध्ये, म्हणजे एकाच मध्यवर्ती नियंत्रणाखाली, असल्यामुळे आणि शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीने, जोडलेल्या असल्यामुळे हे काम मुख्य कार्यालयातून पॉवरशेल या विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या साधनाने करायचे ठरले.

पहिला गंभीर फोन गगनबावड्याचा होता. रोखपाल म्हणाले, “साहेब, पासबुक निघंना झालंय. प्रिंटर चालू हाय, कागद बी हाय, पण हे नुसतं फिरतंय. आणि सी ड्राइव्ह लालभडक दिसाय लागलाय.” ड्राइव्हमध्ये दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज तिथली पट्टी लाल दाखवते; इथे तर जेमतेम काही एमबी शिल्लक होते. प्रिंटरकडे जाणारे प्रत्येक काम आधी सी ड्राइव्हवरच्या स्पूल फोल्डरमध्ये लिहिले जाते, आणि तिथे लिहायला जागा नसली की प्रिंटर कितीही धडधाकट असला तरी उपयोग नसतो. काउंटरसमोर रांग उभी होती, म्हणून त्या संगणकाची हायबरनेशनची फाइल (संगणक बंद करताना चालू काम जिथे जतन होते ती) दुरूनच काढून टाकली आणि तेवढ्यावर पासबुके निघू लागली. ही तात्पुरती मलमपट्टी होती; तसेच दुखणे आणखी किती संगणकांना जडले आहे, हे आधी पाहणे आवश्यक होते.

त्यामुळे काहीही पुसण्यापूर्वी मोजणी केली. प्रत्येक संगणकाला सी ड्राइव्हचा एकूण आकार आणि मोकळी जागा विचारणे डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती पुरवणाऱ्या सोयीच्या एका ओळीत होते आणि पॉवरशेल ही विचारणा एका वेळी ३२ संगणकांना समांतर करते, त्यामुळे चालू असलेल्या संगणकांचा तक्ता चहा संपेपर्यंत हाती येतो. मात्र नुसत्या मोकळ्या जागेच्या आकड्यावरून काय पुसायचे हे कळत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत प्रत्येक संगणकावरील ठरावीक फोल्डरांचा आकारही मागवला: जुने विंडोज ठेवणारे विंडोज डॉट ओल्ड, अपग्रेडसाठी तयार झालेले लपलेले तात्पुरते फोल्डर, वापरकर्त्यांची प्रोफाइल (प्रत्येकाच्या फाइल आणि सेटिंग), अपडेटच्या उतरवलेल्या फाइल आणि हायबरनेशनची फाइल. हे मोजमाप प्रशासकाच्या अधिकाराने करणे महत्त्वाचे असते, कारण साध्या वापरकर्त्याला ज्या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी नाही त्याचा आकार एक्सप्लोरर मोजतच नाही. त्यामुळे “सगळं मिळून चाळीसच जीबी दिसतंय, मग बाकीचं गेलं कुठं?” असा प्रश्न शाखेतून हमखास येतो.

तक्त्यातून एक गोष्ट लगेच उघड झाली. अडचणीत आलेले बहुतेक संगणक १२८ जीबीच्या एसएसडीचे होते. विक्रेता १२८ म्हणतो तेव्हा तो दशमान पद्धतीने मोजतो. विंडोजला तीच डिस्क ११९ जीबीची दिसते. त्यातही आपल्याकडे संगणक जोडून देणारे दुकानदार विचारल्याशिवाय सी आणि डी असे दोन भाग पाडून देतात. विंडोज बिघडले तर सी पुसायचा आणि डी वरचा डेटा वाचवायचा, ही त्यामागची जुनी समजूत. मोठ्या हार्ड डिस्कच्या काळात ती चालून जात असे. आता सी ला सत्तर-ऐंशी जीबी मिळतात, डी वर कोणाच्या तरी लग्नाचे फोटो आणि २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ पडून असतात आणि अपग्रेडचा सगळा भार सी वर येतो. डी ची जागा सी ला द्यावी म्हटले तर दोन्ही भाग लागून असावे लागतात, आणि मध्ये अनेकदा रिकव्हरीचा छोटा भाग आडवा येतो. हा उद्योग दुरून करण्याचा विचार मी पहिल्याच दिवशी सोडून दिला. विभाजनाचे काम अर्ध्यावर असताना शाखेची वीज गेली, तर संगणक उठणारच नाही.

जागा खाणाऱ्यांत पहिला क्रमांक अर्थातच विंडोज डॉट ओल्डचा होता. मोठे अपग्रेड होते तेव्हा जुने विंडोज पुसले जात नाही. ते या फोल्डरमध्ये बाजूला ठेवले जाते, म्हणजे नवे पसंत पडले नाही तर मागे जाता येते. आमच्या संगणकांवर या एका फोल्डरने वीस जीबीच्या आसपास जागा अडवली होती. मागे जाण्याची मुदत मुळात १० दिवसांची असते. विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ती ३० दिवसांची होती. मुदत संपल्यावर हे फोल्डर विंडोजने आपणहून काढून टाकणे अपेक्षित आहे. आमच्या कित्येक संगणकांवर मुदत उलटूनही ते तसेच होते. ही साफसफाई देखभालीच्या कामांमध्ये मोडते आणि देखभालीची वेळ मुळात रात्री दोनची असते. आमच्या शाखांत संध्याकाळी डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाला की शिपाई मुख्य स्विच बंद करूनच कुलूप लावतो आणि दिवसभर काउंटरचा संगणक निवांत म्हणून राहत नाही. त्यामुळे हे काम पुढे पुढे ढकलले जात असावे, असा माझा निष्कर्ष आहे.

इथे घाईने सगळीकडचे विंडोज डॉट ओल्ड पुसून टाकण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातला खरा निर्णय हाच आहे. ते वीस जीबी म्हणजे परतीची वाट असते. पासबुकचा प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारे यंत्र आणि पिग्मी एजंटांच्या यंत्रातून वसुली उतरवून घेणारे जुने सॉफ्टवेअर या तीन गोष्टी नव्या विंडोजवर नीट चालतात याची खात्री झाल्याखेरीज ती वाट बंद करणे धोक्याचे होते. पिग्मीचे सॉफ्टवेअर तर असे की ते वरवर चालताना दिसते आणि महिनाअखेरीचा अहवाल काढताना अडते. म्हणून संगणकांचे दोन गट केले. ज्यांना यांपैकी काहीच जोडलेले नाही, म्हणजे वसुली विभाग, कर्ज विभाग आणि मुख्य कार्यालयातील बहुतेक टेबले, त्यांचे जुने विंडोज लगेच काढायचे. काउंटरच्या आणि पिग्मीच्या संगणकांवर मात्र ते ठेवायचे, इतकेच नव्हे तर त्यांची मुदत वाढवायची. डिझम या विंडोजच्याच साधनाने ही मुदत २ ते ६० दिवसांच्या दरम्यान हवी तेवढी ठरवता येते. अट एवढीच की पहिली मुदत संपून फाइल पुसल्या जाण्याआधी हे करावे लागते. आम्ही ती पूर्ण ६० वर नेली, म्हणजे निदान एक महिनाअखेर पदरात पडते. अशा संगणकांसाठी जागा दुसरीकडून काढावी लागणार होती.

पुसायचे कसे, हा पुढचा प्रश्न. विंडोज डॉट ओल्डमधील फाइलची मालकी विंडोजच्या अंतर्गत खात्यांकडे असते, म्हणून साधे डिलीट चालत नाही. त्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय असा की सबंध फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यायची, सर्वांना सर्व परवानग्या द्यायच्या आणि मग फोल्डर उडवायचे. मुख्य कार्यालयात चाचणीसाठी ठेवलेल्या संगणकावर मी हे फोल्डर आधी उघडून पाहिले. त्यात डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज या नावाचे एक फोल्डर दिसते, पण ते फोल्डर नसतेच. तो जुन्या प्रोग्रामांच्या सोयीसाठी ठेवलेला दुवा असतो आणि त्याचे टोक सी ड्राइव्हवरच्या चालू युजर्स फोल्डरकडे जाते. म्हणजे मालकी आणि परवानग्या बदलणारी आज्ञा खोलात शिरताना या दुव्यामागे गेली, तर जुन्या विंडोजऐवजी आज काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या फाइलच्या परवानग्या बदलू शकतात. एका संगणकावर माणूस समोर बसून हे सांभाळू शकतो. शंभर संगणकांवर एकाच वेळी सोडलेल्या आज्ञेत अशी शक्यता ठेवणे मला मान्य नव्हते. म्हणून हाताने पुसण्याचा मार्ग सोडला आणि विंडोजच्या स्वतःच्या डिस्क क्लीनअपकडूनच हे काम करवून घ्यायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टने या साधनाला निवृत्तीच्या यादीत टाकून कित्येक वर्षे झाली, पण विंडोज ११ मध्ये ते अजून हजर आहे आणि दुरून चालवण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही मला सापडले नाही.

डिस्क क्लीनअपला कोणकोणत्या गोष्टी पुसायच्या हे खिडकीत खुणा करून सांगावे लागते असे आपण समजतो, परंतु त्या खुणा रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, साठवल्या जातात. व्हॉल्यूम कॅशेस या भागाखाली प्रत्येक प्रकाराची वेगळी नोंद असते. तिथे स्टेटफ्लॅग्ज या नावापुढे आपण निवडलेला चार अंकी क्रमांक जोडून त्याला २ ही किंमत दिली आणि मग सेजरन या पर्यायासह तोच क्रमांक सांगून डिस्क क्लीनअप सुरू केले, की ते काही न विचारता तेवढेच प्रकार साफ करते. या नोंदी संपूर्ण संगणकासाठीच्या भागात असल्यामुळे कोणता वापरकर्ता लॉगइन आहे याने फरक पडत नाही. आम्ही नोंदी निवडल्या त्या मोजक्याच: मागील विंडोज, तात्पुरत्या सेटअप फाइल, अपग्रेडचे लॉग आणि अपडेट क्लीनअप. विंडोजच्या ईएसडी इन्स्टॉलेशन फाइल मुद्दाम वगळल्या, कारण संगणक रीसेट करायची वेळ आली तर त्या लागू शकतात आणि दूरच्या शाखेत रीसेट हाच शेवटचा आधार असतो.

इथे आणखी एक सापळा आहे. सर्व प्रकारांना सरसकट खुणा करणाऱ्या तयार स्क्रिप्ट पुष्कळ फिरत असतात. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत वापरकर्त्याचे डाउनलोड्स फोल्डरही आले होते आणि २००४ या क्रमांकाच्या आवृत्तीत (हे वर्ष नव्हे) ते पुन्हा काढले गेले. मधल्या आवृत्त्यांवर अशी स्क्रिप्ट चालवणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करवत नाही. आमच्या संगणकांवर ही नोंद उरलेली नव्हती. पण विंडोज ११ च्या सेटिंगमधील तात्पुरत्या फाइलच्या पानावर डाउनलोड्सची चौकट आजही दिसते, खूण न केलेली असली तरी. आमच्या एका शाखेत सभासदांच्या आधार आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती सर्व्हरवर चढवण्याआधी डाउनलोड्समध्येच साठवल्या जातात, हे मोजणीच्या वेळी दिसले. फोल्डर बारा जीबीचे झाले होते. तिथल्या लिपिक मॅडमना विचारले तर म्हणाल्या, “सर, ते तात्पुरतंच आहे, वेळ मिळाला की चढवते.” जागा संपली म्हणून एखाद्या उत्साही सहकाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या चौकटींवर खुणा केल्या असत्या, तर ते सगळे कायमचे गेले असते. त्या दिवशी परिपत्रक काढून शाखांना कळवले की जागेसाठी कोणीही स्वतः काहीही पुसू नये आणि स्कॅन केलेले कागद त्याच दिवशी सर्व्हरवर चढवावेत. परिपत्रकाचा पहिला भाग पाळला गेला.

डिस्क क्लीनअप दुरून सुरू करताना एक तांत्रिक अडचण येते. पॉवरशेलच्या दूरस्थ सत्रातून ते सरळ चालवले तर सत्र संपताच त्यासोबत सुरू झालेला प्रोग्रामही बंद पडतो, आणि विंडोज डॉट ओल्डसारखे मोठे फोल्डर पुसायला बराच वेळ लागतो. म्हणून प्रत्येक संगणकावर टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेली कामे आपोआप चालवणाऱ्या साधनात, विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्याच्या नावाने एक काम नोंदवले. आमचे सत्र ते काम फक्त नोंदवून बाहेर पडे आणि पुढचे सगळे संगणक स्वतः करी. सिस्टिम खात्याखाली चालताना त्याची प्रगती दाखवणारी खिडकी कोणालाच दिसत नाही, आणि क्वचित पुसणे पूर्ण होऊनही प्रोग्राम बंद होत नाही. अशा अडकलेल्या प्रोग्रामसाठी कामाला दोन तासांची कमाल मर्यादा घातली.

काम संपल्याचा संदेश आला म्हणजे जागा मोकळी झाली, असे मात्र धरले नाही. प्रत्येक संगणकाची मोकळी जागा आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा नोंदवून तक्त्यात शेजारी शेजारी ठेवली, आणि फरक पाच जीबीहून कमी असेल त्या ओळी वेगळ्या काढल्या. साफसफाईचे साधन स्वतःबद्दल काय सांगते यावर विसंबणे बरे नाही. विंडोज ११ ची २४ एच २ आवृत्ती आली तेव्हा अपडेट क्लीनअपसमोर ८.६३ जीबी हा आकडा पुसल्यानंतरही तसाच दिसत राहण्याचा प्रकार घडला होता, आणि ती जागेच्या मोजणीतली चूक असल्याचे मायक्रोसॉफ्टला सांगावे लागले होते. मोकळ्या जागेचा आकडा मात्र डिस्ककडूनच येतो.

ज्या संगणकांवर परतीची वाट राखायची होती तिथे बाकीचे मार्ग धुंडाळले. त्यांत सर्वांत स्वस्त मार्ग हायबरनेशन बंद करण्याचा. ही फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमच्या संगणकावर तीन जीबीहून अधिक जागा एका आज्ञेत आणि तत्क्षणी मिळते. त्यासोबत फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) जाते आणि सकाळी संगणक सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो. काउंटरच्या संगणकांना मला हे उलट फायद्याचेच वाटते. फास्ट स्टार्टअप असताना शटडाउन केलेला संगणक खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि रीस्टार्टची वाट पाहणारे अपडेट दिवसेंदिवस लोंबकळत राहतात. अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपना हात लावला नाही.

विनएसएक्सएस, म्हणजे विंडोजचे घटक आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्या साठवणारे फोल्डर, याबद्दल गैरसमज फार आहेत. एक्सप्लोररमध्ये ते अवाढव्य दिसते, पण त्यातील बहुतेक फाइल सिस्टिममधील इतर ठिकाणच्या फाइलच असतात. हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकाच फाइलला दोन ठिकाणी नाव असल्यामुळे, ती दोनदा मोजली जाते. डिझमला या साठ्याचे विश्लेषण करायला सांगितले की खरा आकार आणि साफसफाई करणे योग्य आहे की नाही, असे दोन्ही कळते. जिथे उत्तर हो आले तिथे जुन्या आवृत्त्यांची साफसफाई केली. रीसेटबेस हा पर्याय जोडला तर जागा आणखी सुटते, परंतु त्यानंतर आधी बसलेले कोणतेही अपडेट काढता येत नाही. अपडेटमुळे प्रिंटर रुसल्याचा अनुभव आमच्या काउंटरांना पुरेसा आहे, म्हणून तो पर्याय कुठेही वापरला नाही. विंडोज इन्स्टॉलर या फोल्डरबद्दलही तेच; ते मोठे असते आणि निरुपयोगी दिसते, पण ऑफिससारख्या प्रोग्रामांची दुरुस्ती, अपडेट आणि काढून टाकणे त्यातील फाइलवरच अवलंबून असते, म्हणून त्याला स्पर्श करायचा नाही.

उतरवलेल्या अपडेटच्या फाइल पुसणे वरकरणी निर्धोक आहे, कारण लागतील त्या पुन्हा उतरतात. पण आजऱ्याच्या ब्रॉडबँडवर त्या पुन्हा उतरायला किती वेळ लागतो, हे मुख्य कार्यालयात बसून विसरले जाते. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनचा साठा तर आणखी विचार करायला लावणारा आहे. एकाच शाखेतील एका संगणकाने उतरवलेले तुकडे शेजारच्या संगणकांना स्थानिक नेटवर्कवरूनच मिळावेत यासाठी तो असतो. शाखेतील पाचपैकी दोनच संगणक अपग्रेड झालेले असताना हा साठा पुसला, तर उरलेल्या तिघांना तेवढेच जीबी पुन्हा बाहेरून ओढावे लागतील. म्हणून शाखेतील शेवटचा संगणक नव्या विंडोजवर आल्याशिवाय तो साठा पुसायचा नाही, असा क्रम ठरवला.

अनपेक्षित घबाड मिळाले ते जुन्या प्रोफाइलमध्ये. आमच्याकडे दरवर्षी बदल्या होतात आणि माणूस गडहिंग्लजहून मलकापूरला जातो, पण त्याचे प्रोफाइल गडहिंग्लजच्या संगणकावर राहते. काही संगणकांवर अशी सात-आठ प्रोफाइल निघाली. यात शेवटच्या वापराच्या तारखेवर भरवसा ठेवता येत नाही, कारण अपडेट आणि इतर सेवा प्रोफाइलच्या फाइलला मधूनमधून स्पर्श करतात आणि दोन वर्षांपूर्वी बदली झालेला माणूस कालच येऊन गेल्यासारखा दिसतो. म्हणून आस्थापना विभागाकडून बदल्यांच्या आदेशांची यादी घेतली आणि प्रोफाइलची नावे तिच्याशी ताडून पाहिली. ज्यांची खात्री पटली त्यांचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आधी सर्व्हरवर हलवले. नंतर प्रोफाइल काढले ते फोल्डर पुसून नव्हे, तर विंडोजच्या प्रोफाइलच्या नोंदीतूनच. नुसते फोल्डर उडवले तर रजिस्ट्रीत नोंद शिल्लक राहते, आणि तोच कर्मचारी पुन्हा त्या शाखेत आला की त्याला तात्पुरते प्रोफाइल मिळते. मग “माझं सगळं गेलं” म्हणून फोन येतो.

सिस्टिम रिस्टोअरने (संगणक आधीच्या स्थितीत नेण्याच्या सोयीने) धरून ठेवलेली जागा सोडवण्याचा विचार मात्र अर्ध्यावर सोडावा लागला. त्यासाठी साठवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, पुसणारी आज्ञा चाचणीच्या संगणकावर दिली, तर अँटिव्हायरसने ती तिथेच रोखली आणि तो संगणक नेटवर्कवरून तोडला. त्याचे बरोबरच होते. खंडणी मागणारे रॅन्समवेअर फाइल कुलूपबंद करण्याआधी नेमके हेच करते, त्यामुळे एकाच वेळी शंभर संगणकांवर ही आज्ञा जाणे म्हणजे हल्ल्याचे तंतोतंत लक्षण. अँटिव्हायरसमध्ये यासाठी अपवाद नोंदवण्याची सूचना आली होती. ती मी मान्य केली नाही, कारण काही जीबींसाठी तेवढे दार उघडे ठेवणे परवडणारे नव्हते.

वेळेचे गणित शाखांच्या दिनक्रमावर बसवावे लागले. विनएसएक्सएसची साफसफाई सुरू असताना जुन्या प्रोसेसरचा संगणक मरगळतो, म्हणून व्यवहाराच्या वेळेत ती करता येत नाही. संध्याकाळी संगणक बंद होतात, आणि बंद संगणक नेटवर्कवरून जागे करण्याची सोय राउटर ओलांडून आमच्याकडे चालत नाही. शेवटी शाखाधिकाऱ्यांशी बोलून ठरवले की नेमलेल्या संध्याकाळी डे-एंडनंतर संगणक चालू ठेवायचे आणि शिपायाने मुख्य स्विच बंद न करता फक्त दिवे-पंखे बंद करायचे. गडहिंग्लजच्या शाखाधिकाऱ्यांनी प्रत्येक संगणकावर “बंद करू नये” अशी चिठ्ठी चिकटवली, आणि तिथले काम सर्वांत आधी उरकले. दिवाळीच्या तोंडावर लाभांश वाटपासाठी सभासदांची रीघ लागते, त्यामुळे वसुबारसेच्या आधीच काउंटरचे संगणक मोकळे करायचे होते आणि ते झाले. रात्री वीज गेलेल्या शाखांत काम अर्धवट राहिले. दुसऱ्या संध्याकाळी तेच काम पुन्हा चालले आणि उरलेले पुसून पूर्ण झाले.

आता तक्त्यात लाल ओळी फारच थोड्या उरल्या आहेत. पिग्मीच्या संगणकांपैकी चंदगडचा एक नव्या विंडोजवर महिनाअखेरीचा अहवाल काढेना; त्याला राखून ठेवलेल्या वाटेने मागे नेले आणि पिग्मीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यानंतर पुन्हा अपग्रेड केले. मधल्या काळात तो नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवला होता. बाकीच्यांची जुनी विंडोज मुदत संपताच आमच्या त्याच नोंदवलेल्या कामाने गेली. २४ एच २ वरून २५ एच २ वर जाताना छोटे पॅकेज पुरते आणि त्यातून विंडोज डॉट ओल्ड तयार होत नाही, त्यामुळे ही फेरी लगेच पुन्हा करावी लागणार नाही. जिथे सगळे करूनही पंधरा जीबी मोकळे राहत नाहीत, असे सी-डी विभाजनाचे संगणक एसएसडी बदलण्याच्या यादीत गेले आहेत. त्यासाठीच्या मागणीपत्रात २५६ जीबीची एसएसडी आणि संपूर्ण डिस्कवर एकच ड्राइव्ह, अशी अट लिहिली. मागणीपत्र पोहोचल्यावर पुरवठादाराचा फोन आला. “साहेब, टायपिंगमध्ये चुकलंय का काय? डी पाडायचाच नाही म्हणताय?”